मजेत

“डोळे मिटा साहेब,” ताई म्हणाली.

कर्नलांनी डोळे मिटले. कपाळावरून ओल्या स्पंजाचा पहिला हात फिरला तसे ते किंचित दचकले आणि मग स्वतःशीच हसले.

“फौजेत असताना तोंडाला काळं फासायचो, झाडीत दिसू नये म्हणून. आता दिसावं म्हणून फासून घेतोय.”

“काळं कुठं, गव्हाळ आहे हे,” ताई म्हणाली. “दिव्याखाली कपाळ चमकतं. आणि चमकलं की माणूस घाबरलाय असं वाटतं बघणाऱ्याला.”

“मग जरा जाडच लावा. आज घाबरायचं काम आहे.”

वाहिनीच्या मेकअपच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या, भिंतभर आरसा होता आणि कोपऱ्यात वर टांगलेला टीव्ही होता. ताई या खोलीत वाहिनी सुरू झाल्यापासून होती. वयानं मोठी माणसंही तिला ताईच म्हणत. लढाई सुरू होण्याआधी या खुर्च्यांवर डॉक्टर बसत, वकील बसत, केस गळू नयेत म्हणून काय खावं ते सांगणाऱ्या बाया बसत. आता रोज संध्याकाळी निवृत्त अधिकारी, प्राध्यापक आणि पक्षांचे प्रवक्ते. ही मंडळी इथं शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या गुडघेदुखीची चौकशी करत, एकाच चार्जरवर फोन लावत. मग आत जाऊन एक दुसऱ्याला गद्दार म्हणे, दुसरा पहिल्याला पोरांच्या रक्तावर जगणारा म्हणे, आणि तासाभरानं दोघं परत येऊन त्याच आरशासमोर तोंडं पुसून एका गाडीनं घरी जात. “आत कुस्ती, बाहेर दोस्ती,” असं ताई घरी नवऱ्याला सांगायची, आणि दोघं हसायची.

हे कर्नल मात्र वेगळे वाटले होते तिला. आदल्या आठवड्यात पहिल्यांदा आले होते. आत कॅमेऱ्यासमोर ते ज्या आवाजात बोलले त्याच आवाजात बाहेर येऊन तिला म्हणाले होते, “हे साबणानं निघेल ना?”

“तुमचं कुणी आहे का फौजेत?” डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी विचारलं.

“मुलगा आहे,” ताई म्हणाली. मग स्पंज पाण्यात बुडवत, “नदीपलीकडं आहे. टेकडीवर.”

कर्नलांनी डोळे उघडले. आरशात दोघांची नजर भेटली. गेला महिनाभर सगळ्या देशात त्या एका टेकडीवर वाद चालला होता. सरकार म्हणत होतं, इंचभरही मागं हटणार नाही. कर्नल म्हणत होते, पोरांना नदीच्या अलीकडं आणा.

“मी काही विचारणार नाही तुम्हाला,” कर्नल म्हणाले आणि त्यांनी परत डोळे मिटले.

त्यांनी विचारलं असतं तर ती बोललीच नसती. फोनवर काय सांगायचं आणि काय नाही याचे नियम होते, ते घरच्यांनाही बजावलेले होते. पण समोरचा चेहरा डोळे मिटून आपल्या हाताखाली गप्प बसलेला, कशाचीही अपेक्षा न करणारा. आणि मुलाचा फोन येऊन गेल्यापासून ते सगळं तिच्या मनात घोळत होतं. ती बोलत गेली. पूल दिवसा ओलांडता येत नाही म्हणून अन्न अंधारात पाठीवरून आणावं लागतं, आणि आणणारे सगळेच पोचतात असं नाही. खंदकात पाणी आहे, मोजे वाळतच नाहीत, पायाच्या बोटांचा रंग बदललाय. “बारक्या म्हणाला, आई, आम्हाला इथं कशाला ठेवलंय ते आमच्या साहेबांनाही माहीत नाही. ते म्हणतात, वरून हुकूम आहे. वरच्यांना विचारलं तर ते म्हणतात, लोक काय म्हणतील.”

बारक्या हे तिच्या मुलाचं घरातलं नाव. आता तो बापापेक्षा वीतभर उंच होता, तरी बारक्याच.

“कर्नलसाहेब, पाच मिनिटं,” दारातून आवाज आला. निर्माती उभी होती, कानाला यंत्र लावून, हातात कागद. ती किती वेळ उभी होती हे ताईला कळलं नाही.

कर्नल उठले. गळ्याभोवतीचा रुमाल त्यांनी स्वतःच काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. “पाय कोरडे ठेवायला सांगा त्याला,” ते म्हणाले. “मोजे अंगावर, बनियनच्या आत ठेवायचे. अंगाच्या उबेनं वाळतात.”

चर्चा ताईनं खोलीतल्या टीव्हीवर पाहिली. वाहिनीच्या निवेदकाला सगळे मागं ‘तोफ’ म्हणत. त्याच्या एका बाजूला सरकारी पक्षाचा प्रवक्ता, दुसऱ्या बाजूला कर्नल.

“सारा देश छाती पुढं काढून उभा असताना,” तोफ म्हणाला, “तुम्ही माघार घ्या म्हणताय.”

“माघार म्हणत नाही मी. टेकडी नदीच्या पलीकडं आहे, पूल एकच आहे आणि तो त्यांच्या माऱ्याखाली आहे. अलीकडचा कडा उंच आहे, तिथून तीच टेकडी आपल्याला नुसत्या नजरेनं धरता येते. आज आपण टेकडी धरलेली नाही, टेकडीनं आपल्याला धरलंय.”

“हे घरी बसून दिसतं तुम्हाला?” प्रवक्ता म्हणाला. “तिथल्या जवानांचं मनोधैर्य काय आहे, माहिती आहे? ते तर म्हणतायत, आम्हाला पुढं जाऊ द्या.”

“त्यांचे पाय कुजतायत,” कर्नल म्हणाले.

“कुणी सांगितलं? शत्रूनं?” तोफनं विचारलं. स्टुडिओत कुणीतरी हसलं.

“एका आईनं सांगितलं. आजच.”

ते बोलून गेले, आणि त्यांचा चेहरा बदलला. इतक्या जाड थराखालूनही ताईला ते दिसलं. सुटलेला शब्द परत घ्यावा असं वाटणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

“कुठल्या आईनं? नाव सांगा.”

“ते मी सांगणार नाही.”

“म्हणजे आईच नाही,” तोफ कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला. “प्रेक्षकहो, ठरवा तुम्हीच. छोट्याशा विश्रांतीनंतर भेटू.”

जाहिराती सुरू झाल्या आणि निर्माती धावत आली. ती वाईट मुलगी नव्हती. ताईच्या पाठीत उसण भरली होती तेव्हा तिनंच स्वतःची गाडी देऊन घरी पाठवलं होतं.

“ताई, तुम्हीच ना ती? मी दारातून ऐकलं थोडं.”

“मी आपली सहज बोलले गं.”

“सहज असू दे. आता दोनच गोष्टी होतील. एक तर मुलानं फोनवर चौकीची माहिती फोडली म्हणून त्याची चौकशी लागेल. नाहीतर तुम्ही काही बोललाच नाहीत. मी तुमच्या भल्याचं सांगतेय. आत या, एक वाक्य बोला, विषय संपेल.”

ताईच्या गल्लीतल्या सुताराचा मुलगाही फौजेत होता; त्यानं आघाडीवरून एक फोटो घरी पाठवला होता. त्याला कुठं नेलं ते सुताराला अजून कळलं नव्हतं. सुतार रंधा हातात धरून दुकानात बसायचा, लाकूड पुढ्यात नसायचंच. ताईच्या डोळ्यांपुढं तो आला, आणि ती निर्मातीच्या मागून चालू लागली. हातातला स्पंज ठेवायचंही तिला सुचलं नाही.

इतकी वर्षं या इमारतीत काढून ती दिव्यांच्या त्या बाजूला कधी गेली नव्हती. आत पाऊल टाकलं तसा चेहऱ्याला ऊबदार उजेड लागला. तोफ खुर्चीतून उठला. “या आई,” तो म्हणाला, आणि त्यानं तिला हाताला धरून मधे उभं केलं. रोज तिच्या हातून तोंड रंगवून घेताना फोनवरून मान वर न करणारा माणूस.

“बाईंना यात ओढू नका,” कर्नल म्हणाले. “जाऊ द्या त्यांना.”

“का? आता का?” तोफ म्हणाला. “आई, तुमचा मुलगा त्या टेकडीवर आहे. आज तुम्ही या गृहस्थांना भेटलात. तिथं हाल चाललेत असं काही तुम्ही यांना सांगितलंत?”

“नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे हे खोटं बोलतायत?”

“त्यांचा काहीतरी गैरसमज—”

“हो की नाही, एवढंच सांगा आई. साऱ्या देशाला कळू दे.”

“नाही. मी काही बोलले नाही.”

एवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. तोफला हवं ते मिळालं होतं, बारक्या वाचला होता. पण उजेड चेहऱ्यावर होता, सगळे तिच्याकडे बघत होते, कॅमेऱ्यामागचा रोजचा ओळखीचा माणूससुद्धा मान हलवून बरं चाललंय असं सांगत होता. आणि कुणीही न विचारता ती म्हणाली, “माझा मुलगा तिथं मजेत आहे. त्याला अभिमान आहे तिथं उभं राहण्याचा.”

स्टुडिओत टाळ्या वाजल्या. प्रवक्त्यानं हात जोडले.

“आता काय म्हणणं आहे तुमचं?” तोफनं कर्नलांना विचारलं.

कर्नल तिच्या हाताकडे बघत होते. स्पंजातून गव्हाळ पाणी तिच्या बोटांवरून मनगटाकडे ओघळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“बाईंचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “त्या काही बोलल्या नाहीत. चूक माझी आहे.”

कार्यक्रम संपल्यावर ते तोंड पुसायला येणार नाहीत असं तिला वाटलं होतं. ते आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “काढा हे. घरी असा गेलो तर बायको हसेल.”

तिनं कापूस ओला केला. कपाळ, नाक, गाल, हनुवटी. खालून म्हाताऱ्या माणसाचा, दमलेला, सुरकुत्यांचा चेहरा वर आला. तिनं कापूस बदलला आणि कानामागचा रंगही पुसला. शेजारच्या खुर्चीत प्रवक्ता फोनवर कुणाला तरी सांगत होता, “बघितलंस ना, कसा तोंडघशी पडला ते.”

कर्नल उठले, तिला नमस्कार केला आणि एकटेच लिफ्टकडे गेले.

घरी नवऱ्यानं सगळं पाहिलं होतं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, त्याच्या हाताचा वंगणाचा वास कधी जात नसे. बारक्याचा तो फोन आला तेव्हा तोही कान लावून शेजारी बसला होता. मोज्यांचं, बोटांचं, पुलाचं त्यानंही ऐकलं होतं.

“बरं केलंस,” तो म्हणाला. “पोराच्या अंगाशी आलं असतं.”

“हो ना,” ती म्हणाली.

त्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला. जेवताना दोघंही ताटाकडे बघत होती. नंतर त्यानं न सांगता भांडी घासायला घेतली, जे तो कधी करत नसे, आणि त्याची पाठ तिच्याकडे होती.

पुढचे काही दिवस ती कुठंही गेली तरी माणसं उठून उभी राहत. बसमध्ये जागा मिळे. वाण्याच्या दुकानात रांगेतल्या बाया म्हणत, “तुम्ही पुढं व्हा, तुमचा मान आहे.” ती मान खाली घालून पुढं होई. वाहिनीनं तिचा टाळ्या पडतानाचा फोटो खालच्या मजल्यावर लावला, शेजारी मोठ्या अक्षरांत ‘आईनं खोटं उघडं पाडलं’. कामाला येताना आणि जाताना तिला तिच्याच समोरून जावं लागे. फोटोतली बाई छान दिसत होती. मेकअपशिवायसुद्धा.

कर्नलांच्या फाटकाला कुणीतरी लाल रंग फासला. ते ज्या शाळेत जाऊन मुलांशी बोलत, त्या शाळेनं कळवलं की यापुढं गरज नाही. निवृत्त अधिकाऱ्यांच्या मंडळानं पत्रक काढलं. हे सगळं ताईनं त्या कोपऱ्यातल्या टीव्हीच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर वाचलं, कुणा ना कुणाच्या गालावर पावडर लावता लावता.

रविवारी दुपारी बारक्याचा फोन आला. नेहमी तो आधी ‘काय जेवलात’ विचारायचा. या वेळी थोडा वेळ नुसता आवाज येत होता, वाऱ्याचा किंवा लाइनीचा.

“आई, ते इथं सगळ्यांनी बघितलं.”

“अरे, मला दुसरं काय करता येत होतं? तुझी चौकशी लागली असती. सुताराच्या मुलाचं माहितीये ना तुला?”

“माहितीये. तू नाही म्हणालीस ते बरोबर आहे. ते कळलं मला. मास्तर पण म्हणाला, आई आहे, नाही म्हणणारच.”

मास्तर हा त्याचा जोडीदार. शाळेत कधी शिकवलेलं नव्हतं त्यानं, पण सगळ्यांचं शुद्धलेखन सुधारायचा म्हणून मास्तर. तो गावाला पाठवायच्या निरोपांत प्रत्येकाचे ऱ्हस्व-दीर्घ बघून द्यायचा.

“मग?”

“ते मजेत कुठून काढलंस?”

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला.

“आम्ही बारा-पंधरा जण एका फोनभोवती बसलो होतो,” बारक्या म्हणाला. “तो म्हातारा पाय कुजतायत म्हणाला, तेव्हा सगळे एकदम गप्प झाले. कुणीतरी बोललं शेवटी, असं झालं. आणि मग तू आलीस. आता इथं कुणाला काही विचारलं की तो म्हणतो, मजेत. पाणी किती आलंय? मजेत. अन्न आलं का? मजेत. हसतात सगळे. मी पण हसतो. ठेवू का?”

“बारक्या, मोजे बनियनच्या आत—”

“ठेवतो,” तो म्हणाला. फोन ठेवतो म्हणाला की मोजे, हे तिला कळलं नाही.

टेकडी आणखी काही आठवडे धरली गेली. मग एका सकाळी बातमी आली की सैन्यानं ‘नव्यानं मांडणी’ केली आहे आणि सगळ्या तुकड्या नदीच्या अलीकडच्या उंच कड्यावर आल्या आहेत. त्या संध्याकाळी तोच प्रवक्ता खुर्चीत बसला होता. गळ्याभोवती रुमाल बांधता बांधता तो आपलं बोलणं पाठ करत होता. “टेकडीवर नजर ठेवायची तर ती अलीकडूनच. पूल एकच, तोही माऱ्याखाली. शत्रू आता तिथं येऊन अडकेल. डोक्यानं केलेली खेळी आहे ही.”

“साहेब,” ताई म्हणाली, “हे ते कर्नल म्हणाले होते ना?”

प्रवक्त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. ओळखीचं, प्रेमळ हसला.

“ते चुकीच्या वेळी म्हणाले, ताई. इथं जरा हात फिरवा, घाम येतोय.”

तिनं हात फिरवला.

बारक्याला फौजेच्या इस्पितळात ठेवलं होतं. ती आणि नवरा भेटायला गेली तेव्हा लांबलचक खोलीत दोन्ही भिंतींना खाटा होत्या आणि बहुतेकांच्या पायांना बँडेज. बारक्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. तो वाळला होता, दाढी वाढली होती. बापाला त्यानं जवळ घेतलं. आईलाही घेतलं, पण जरा आधीच सोडलं.

“मास्तर कुठल्या खाटेवर आहे?” तिनं विचारलं. त्याच्यासाठी ती बिस्किटं घेऊन आली होती.

“मास्तर राहिला,” बारक्या म्हणाला. “शेवटच्या आठवड्यात. अन्न आणायची पाळी होती त्याची.”

नवरा खाटेच्या कडेवर बसला. ताई बिस्किटांचा पुडा हातात धरून उभीच राहिली.

“तू काही वेगळं बोलली असतीस तरी तो वाचला असता असं नाही,” बारक्या तिच्याकडे न बघता म्हणाला. “उगीच तसलं काही मनात आणू नकोस. एका बाईच्या बोलण्यानं टेकडी सोडत नाहीत.”

हे तो तिला दिलासा द्यायला म्हणाला, हे तिला कळत होतं. त्यानं रागावून बोललेलं परवडलं असतं.

एवढ्यात नर्स औषधांची गाडी ढकलत आत आली. “काय मंडळी, कसे आहात आज?” तिनं रोजच्या सवयीनं विचारलं.

“मजेत,” खिडकीजवळच्या खाटेवरून कुणीतरी म्हणालं. “मजेत,” पलीकडून दुसरा. मग तिसरा, चौथा, एका ओळीत, शाळेत हजेरी द्यावी तसे. आणि सगळी खोली हसली. बारक्यानंही सवयीनं तोंड उघडलं होतं. त्याची नजर आईकडे गेली आणि त्यानं ते मिटलं. पलीकडच्या पोरानं त्याला काहीतरी खूण केली. हसू विझत गेलं. खोलीतल्या पोरांनी एकेक करून माना वळवल्या, कुणी खिडकीबाहेर, कुणी भिंतीकडे. तिला अवघड वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती निर्मातीकडे गेली.

“मला एकदा आत बोलायचंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी मी खोटं बोलले. कर्नलसाहेब खरं सांगत होते. आता मुलगा इस्पितळात आहे, टेकडी सोडलीय, कुणाच्या जिवाला धोका नाही. एकच वाक्य बोलते. तेव्हा एकच बोलायला लावलं होतंत ना.”

निर्मातीनं कानातलं यंत्र काढलं. तिला खरंच वाईट वाटलं असावं.

“ताई, तो विषय संपला. टेकडीवर आता कुणी बघत नाही. आज बंदराचा विषय आहे, उद्याही तोच. तुम्ही बोललात तर लोक विचारतील, कुठली टेकडी?”

“मग तो खालचा फोटो तरी काढा.”

“तो काढला की, ताई. परवाच. तुमचं लक्ष नव्हतं का?”

तिचं लक्ष नव्हतं. बरेच दिवस ती त्या भिंतीसमोरून मान खाली घालून जात होती.

कर्नलांचं घर शोधायला वेळ लागला नाही. त्या भागात सगळ्यांनाच ते ठाऊक होतं. फाटकाला नवा हिरवा रंग दिला होता, पण खालच्या अर्ध्या भागातला हिरवा वरच्यापेक्षा गडद होता. दार कर्नलांच्या बायकोनं उघडलं. ताईकडे तिनं बराच वेळ पाहिलं.

“तुम्हीच ना त्या?”

“हो.”

“ते बागेत असतात या वेळी. तळ्याजवळ. आधी सगळ्यांबरोबर फिरायचे, आता बसून असतात.” तिनं पदराला हात पुसले. “मी तुम्हाला आत या म्हणणार नाही. त्यांच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. माझ्या आहे.”

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाली.

बाग सकाळच्या माणसांनी भरलेली होती. निवृत्त माणसांचे घोळके हात हलवत फेऱ्या मारत होते. तळ्याजवळच्या बाकाजवळून जाताना त्यांचा रस्ता किंचित वाकडा होत होता. बाकावर कर्नल वर्तमानपत्र वाचत होते.

ती समोर उभी राहिली. त्यांनी मान वर केली, ओळखलं, आणि पहिलं वाक्य विचारलं ते, “मुलगा कसा आहे?”

“दोन बोटं गेली,” ती म्हणाली. “चालतो. बोलत नाही फारसा.”

“बोलेल. वेळ लागतो.” त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि बाकावर हात ठेवून दाखवला. “बसा.”

ती टोकाला बसली. “मी गेले होते आत बोलायला. ते म्हणाले, विषय संपला.”

“त्यांचं खरं आहे. संपलाय.”

“तुम्ही चूक माझी असं का म्हणालात?”

कर्नलांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं.

“कारण ती माझीच होती. एका आईनं सांगितलं असं मी म्हणायलाच नको होतं. तुम्ही विश्वासानं बोललात, आणि मी वादात हरायला लागलो तसं तेच उचलून त्याच्या तोंडावर मारलं. पोरांना परत आणायला निघालो होतो. त्या क्षणी मला फक्त त्या निवेदकाला गप्प करायचं होतं.” ते तिच्याकडे वळले. “रोज सकाळी तेच आठवतं मला. तुमचं नाही आठवत.”

“मला माझंच आठवतं,” ताई म्हणाली.

फेरी मारणारा एक घोळका जवळ आला. त्यातल्या टोपीवाल्या गृहस्थांनी तिला ओळखलं आणि ते हसून थांबले. “अहो, तुम्ही त्या टीव्हीवरच्या ना? वीरमाता. इथं कशा? आणि या बाकावर?”

ताई उठून उभी राहिली. तिनं बाकाची पाठ धरली.

“मी त्या दिवशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “मीच सांगितलं होतं साहेबांना सगळं. ते खरं बोलले होते. माझा मुलगा मजेत नव्हता.”

घोळका थांबला. टोपीवाल्यांचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं, त्याचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. “बरं, बरं,” ते म्हणाले. “आता काय त्याचं. झालं गेलं.” आणि ते पुढं निघाले, नेहमीपेक्षा भरभर. बाकीचे त्यांच्यामागून गेले. एकदोघांनी वळून पाहिलं.

ताई परत बसली. कर्नलांनी वर्तमानपत्राचं आतलं पान काढून तिच्यापुढं धरलं. तिनं चष्मा आणला नव्हता, तरी पान घेतलं.

बाक चौघांचा होता. बऱ्याच वेळानं तोच घोळका दुसऱ्या फेरीला आला, आणि त्यातला काठीवाला एकटा मागं राहून बाकापाशी रेंगाळला. त्यानं रिकाम्या जागेकडे पाहिलं. कर्नल थोडे सरकले. ताईही सरकली. काठीवाला वाकला, त्यानं बुटाची नाडी बांधली, जी सुटलेली नव्हती, आणि पुढं गेला.

कर्नल परत आपल्या जागी आले आणि वाचू लागले. ताई मात्र तशीच सरकून बसून राहिली, शेजारची जागा रिकामी ठेवून.